फुटला तो पाइप

लिओटा हर्गर्टचं डोकं आताशा ठिकाणावर नसतं, असं आमच्या गेरिंगमध्ये पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला माहीत आहे. म्हणणारा तिचाच मुलगा होता. आणि ज्या भानगडीवरून तो हे म्हणाला, ती त्याच्याच हलगर्जीपणामुळे झाली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा आवाज चढणार आहे, आणि तो का चढतोय हे ऐकणाऱ्याला कळलेलं बरं.

लिओटा आणि मी शेजारणी. दोघींच्या घरांमध्ये तिच्या गाडीचा रस्ता आणि माझं कमरेएवढं कुंपण, एवढंच काय ते अंतर. ती बिटाच्या शेतात वाढली. तिचे आजी-आजोबा रशियातल्या जर्मन वस्तीतून इथे नेब्रास्कात बिटांची दाट रोपं विरळ करायला आले. मग वडलांनी तेच केलं, आणि शाळेच्या वयात तिनेही आखूड दांड्याच्या खुरप्याने वाकून वाकून तेच केलं. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि तिने शाळेची बस चालवायला घेतली. रिटायर होईपर्यंत ती बसच चालवत होती. नदीपलीकडच्या मळ्यांतली पोरं हिवाळ्यात अंधारात उठून तिच्या बसची वाट पाहायची. वाऱ्याने रस्ता बर्फाखाली गायब झालेला असायचा, आणि ही नुसत्या कुंपणाच्या खांबांवरून रस्त्याचा अंदाज घेत बस काढायची. आज आमच्या चर्चमध्ये जी चाळीशी-पन्नाशीची माणसं पुढच्या बाकांवर बसतात, त्यांतली निम्मी तिने शाळेत सुखरूप नेऊन सोडलेली आहेत. हे त्यांनी पुढे विसरायला नको होतं.

तिचा नवरा डेल्बर्ट बिटापासून साखर काढणाऱ्या कारखान्यात होता. शांत माणूस. लग्नांमध्ये अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा तेव्हाच काय तो मोकळा व्हायचा. नोकरीची शेवटची वर्षं राहिली होती तेव्हा त्याने घरापुढे आणि घरामागे हिरवळ लावायचं मनावर घेतलं. एक सगळा उन्हाळा त्याने चर खणले, पाइप पुरले, जमिनीतून डोकं वर काढून पाणी उडवणारे फवारे बसवले. लिओटाला ते मुळीच पटलं नव्हतं. ज्या घरात कालव्याच्या पाण्याची पाळी आली की सगळे रात्री-बेरात्री फावडं घेऊन धावायचे, त्या घरातली ती. ती मला म्हणायची, "गवताला पाणी पाजतोय गं हा. बरं, दारात गाय तरी असावी."

पण डेल्बर्टची हिरवळ सगळ्या गल्लीत देखणी होती, आणि तिची खरी मेहनत उन्हाळ्यात नव्हे, थंडीच्या तोंडावर असायची. आमच्याकडे जमीन खोलवर गोठते. पाइपात पाणी राहिलं की त्याचं बर्फ होतं, ते फुगतं आणि पाइपाला उभी चीर जाते. म्हणून थंडीआधी सगळं पाणी काढून टाकावं लागतं. कारखान्याकडे बिटांचे ट्रक सुरू झाले आणि हवेत तो गोडसर कुबट वास भरला, की डेल्बर्ट कामाला लागायचा. आधी तळघरात जाऊन घरच्या पाण्यातून हिरवळीकडे जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा. मग त्याच्याखालची टोपी सैल करून उरलेलं पाणी बादलीत सोडायचा. मग बाहेर येऊन भिंतीलगतच्या पितळी जोडाला हवेचा कॉम्प्रेसर लावायचा आणि एकेका भागातलं पाणी हवेने बाहेर ढकलायचा. फवारे आधी नीट पाणी उडवायचे, मग खोकल्यासारखे अडखळायचे, आणि शेवटी नुसतं धुकं निघायचं. मग तो पितळी जोडाला जुना टॉवेल गुंडाळायचा आणि कॉफी प्यायला आत जायचा. इतक्या वर्षांत त्याचा एकही पाइप फुटला नाही.

एका वसंतात गॅरेजमध्ये काम करता करता तो कोसळला आणि गेला.

अंत्यविधीनंतर आठवड्याभरात क्रेग, म्हणजे मोठा मुलगा, मित्राला घेऊन आला आणि बापाचं कामाचं टेबल तळघरातून आपल्या घरी घेऊन गेला. लिओटानेच दिलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. टेबल काढायला जागा हवी म्हणून त्यांनी तिची बरण्यांची मोठी लाकडी मांडणी पलीकडच्या भिंतीला सरकवली. टोमॅटो, पीच, बीट, लोणची, सगळ्या बरण्या उतरवल्या आणि परत चढवल्या. ती भिंत म्हणजे जिथून हिरवळीचा पाइप बाहेर जातो तीच. व्हॉल्व्ह मांडणीच्या मागे गेला. लिओटा तेव्हा म्हणाली होती, "क्रेग, पानगळीत ही परत हलवावी लागेल हं." तो म्हणाला, "हलवू की."

क्रेग शेतकऱ्यांना विमा विकतो. नदीपलीकडे स्कॉट्सब्लफमध्ये त्याचं घर आहे, चर्चच्या कमिटीवर आहे, सगळ्यांशी हसून बोलतो. वाईट मुलगा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याला सदा कुठेतरी पोचायचं असतं.

त्या ऑक्टोबरात एका दुपारी तो भाड्याचा कॉम्प्रेसर गाडीत टाकून आला. मी कुंपणाजवळ सुकलेली झेंडूची रोपं उपटत होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं. त्याने पितळी जोडाचे खटके फिरवले, हवा सोडली, फवारे खोकले, धुकं निघालं. कॉम्प्रेसर परत गाडीत चढला. लिओटा दारात येऊन उभी होती.

"कॉफी टाकलीय. आणि केकही आहे."

"नको आई, एक जण वाट बघतोय."

"तळघरातलं राहिलंय ना? चल, मांडणीला मी हात लावते."

"सगळं झालं, आई. आता तू कशालाही हात लावू नकोस. उगाच काहीतरी होऊन बसेल."

आणि तो गेला. घराच्या आत त्याने पाऊलही टाकलं नाही. ती क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाहेरूनच काहीतरी नवीन पद्धत असेल हल्ली." तिला विश्वास ठेवायचा होता. नवरा गेल्यावर मुलाने पहिल्यांदा घरचं काम अंगावर घेतलं होतं.

थंडी ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनच्या आधीच येऊन धडकली. सकाळी अंगात साधा स्वेटर आणि संध्याकाळी नाकातले केस गोठतील असा वारा. तीन-चार दिवस असेच गेले. आत बर्फाचं बूच बसलेलं होतं म्हणून पाइप फुटूनही पाणी येत नव्हतं. मग ऊन पडलं. त्या सकाळी लिओटा घरपोच जेवणाच्या फेरीवर गेली होती. आमचं चर्च अंथरुणाला खिळलेल्या आणि एकट्या पडलेल्या लोकांना गरम जेवण पाठवतं, आणि गावाच्या पश्चिमेकडची फेरी कितीतरी वर्षं तिची होती. परत आली तर घरात शिट्टी वाजल्यासारखा आवाज. तिने मला हाक मारली, "आर्लिस, बूट घालून ये."

तळघरात घोट्यापर्यंत पाणी होतं. मांडणीच्या मागून भिंतीतून फवारा उडत होता आणि बरण्यांवर आपटत होता. मी घाबरले. ती घाबरली नाही. सरळ पाण्यातून चालत मीटरपाशी गेली आणि तिने घराचं सगळं पाणीच बंद केलं. मग आम्ही दोघी मांडणी ओढायला लागलो. ती तसूभरही हलेना. एकेक बरणी उतरवून जिन्यावर ठेवली तेव्हा कुठे रिकामी मांडणी आम्हा दोघींना हलली.

डेल्बर्टची अ‍ॅकॉर्डियन पेटीसकट जमिनीवर होती. लिओटाने पेटी उघडली, आतलं पाणी ओतून दिलं आणि भाता बोटाने दाबून पाहिला. कागद आणि कातडं सुटून हातात आलं. तिने पेटी बंद करून वर नेऊन ठेवली.

रुबेन अरेलानो नावाचा प्लंबर आला. लहानपणी तिच्याच बसमध्ये मागच्या बाकावर बसून दंगा करणारा. त्याने चिरलेला पाइप कापला आणि व्हॉल्व्ह पाहिला.

"मिसेस हर्गर्ट, हा बंद कुणी केला होता?"

"का?"

"कुणीच केलेला नाही. पूर्ण उघडा आहे, आणि असा धरलाय की मला पान्ह्यानेही फिरत नाही. या वर्षी याला कुणाचा हात लागलेला नाही."

तिने त्याला कॉफी दिली. तो गेल्यावर तिने क्रेगला फोन लावला आणि पाइप, अ‍ॅकॉर्डियन, रुबेनचं बोलणं, सगळं सांगितलं. मी स्वयंपाकघरातच पायमोजे पिळत बसले होते, आणि फोनमधला त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"आई, मी सगळं बंद केलं होतं. तूच परत उघडलं असशील. शेवंतीला पाणी घालायला वगैरे."

"शेवंतीला मी झारीने पाणी घालते."

"हो, पण बाबा गेल्यापासून तू जरा… बरं जाऊ दे. काळजी करू नकोस. मी जॅनेलशी बोलतो."

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. "आर्लिस, हा मला काय म्हणाला आत्ता?"

मी सांगितलं. जसंच्या तसं.

जॅनेल म्हणजे धाकटी मुलगी, डेन्व्हरला असते. ती शनिवारी आली. येताना म्हाताऱ्यांसाठीच्या एका राहण्याच्या जागेचं रंगीत माहितीपत्रक घेऊन आली होती. क्रेगही आला. लिओटाने मलाही बोलावलं होतं, आणि क्रेगला ते आवडलेलं नव्हतं. तो टेबलाशी बसून आईशी फार गोड, फार हळू आवाजात बोलत होता. कुत्र्याला डॉक्टरकडे नेताना असं बोलतात.

"आई, कुणी तुला दोष देत नाहीये."

"मला दोष द्यायचा प्रश्नच कुठे येतो? मी ते उघडलंच नाही."

दोघा भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. ते बघणं मी विसरणार नाही.

"बरं आई," जॅनेल म्हणाली, "ठीक आहे."

"ठीक काय आहे? मांडणी हलवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. भरलेली मांडणी मला हलत नाही."

"तू हलवली असशील," क्रेग म्हणाला. "आठवत नसेल."

मग मी मधे पडले. "क्रेग, तू त्या दिवशी घरात गेलाच नाहीस. मी कुंपणाशी होते. आणि रुबेन म्हणाला, त्या व्हॉल्व्हला कुणी हातच लावलेला नाही."

"आर्लिस, तुम्ही आत निघून गेल्यावर मी गेलो होतो तळघरात. आणि रुबेनला काय, जुनाट व्हॉल्व्ह अडकतातच. तुम्ही तिची मैत्रीण आहात, तिची बाजू घेणारच. पण यात तिचं भलं नाही."

बघा कसं असतं. तिने नाही म्हटलं की ती विसरली. तिने पुरावा दिला की ती हट्टाला पेटली. आवाज चढवला की, बघा, हल्ली चिडचिड किती करते. आणि गप्प बसली की हरवल्यासारखी बसते. एकदा माणसावर हा शिक्का बसला की त्याच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द त्या शिक्क्याच्याच बाजूने साक्ष देतो. सगळ्या गावाची पोरं जिच्या भरवशावर बर्फात सोडली होती, तिला स्वतःच्या तळघरात काय झालं ते सांगायचा अधिकार उरला नव्हता.

शेवटी ती म्हणाली, "काय केलं म्हणजे तुमचं समाधान होईल?"

त्यांचं समाधान डॉक्टरकडे जाऊन होणार होतं. स्मरणशक्तीची तपासणी. ती गेली. जॅनेल सोबत होती. परत आल्यावर लिओटा कोट न काढताच माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"मला घड्याळ काढायला लावलं, आर्लिस. कागदावर. सगळे आकडे घाल, काटे घाल. मग पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. मग विचारलं, आज वार कोणता."

"मग?"

"सगळं बरोबर आलं. पोरगी बरी होती बिचारी, ती डॉक्टरीण. मला म्हणाली, तुम्ही छान केलंत. पहिलीतल्या पोराला म्हणतात तसं. मी त्या पोरीच्या बापाला शाळेत नेत होते." तिने एक हातमोजा काढला आणि परत घातला. "नवरा मेला तेव्हा मला इतकं लाजिरवाणं वाटलं नव्हतं."

मरणात लाज कसली, असं मी म्हणणार होते, पण तिला काय म्हणायचंय ते कळलं. नवरा गेला तेव्हा ती दुःखी होती, पण माणसात होती.

तपासणीत काही निघालं नाही, तेव्हा क्रेग काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, तिचा तो दिवस चांगला होता.

आणि तोवर गोष्ट चर्चमध्ये पोचली होती. क्रेगने मुद्दाम पसरवली असं मी म्हणत नाही. त्याने फक्त प्रार्थनेत आईची आठवण ठेवा, एवढंच सांगितलं होतं कमिटीत. आमच्याकडे असंच पसरतं, प्रार्थनेच्या नावाखाली. रविवारी कॉफीच्या वेळी बायका लिओटाशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागल्या. एकीने तिच्या हाताला धरून तिला खुर्चीत बसवलं. मग घरपोच जेवणाचं काम बघणारी बर्निस तिच्याकडे आली आणि म्हणाली, "लिओटा, किती वर्षं केलंस गं तू. आता जरा आराम कर. तुझी फेरी आम्ही दुसऱ्या कुणालातरी दिलीय."

लिओटाने विचारलं, "मी कुणाचं जेवण चुकवलं का?"

"छे छे, तसं नाही गं."

"कुणाला चुकीचं जेवण दिलं? गाडी कुठे ठोकली?"

"तू मनावर घेऊ नकोस," बर्निस म्हणाली आणि केक कापायला निघून गेली.

आरामाच्या नावाखाली माणसाच्या हातातलं काम काढून घेणं, हे मला आयुष्यात सगळ्यात मोठं ढोंग वाटतं. त्या फेरीवरचे लोक लिओटाची वाट बघायचे. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत ती औषध घालून यायची, एकीचं मांजर आत-बाहेर करायची. यातलं काही कुणी तिला विचारलं नाही.

त्या रविवारी आम्ही दोघी गाडीने घरी आलो. दाराशी उतरल्यावर म्हणाली, "पुढच्या रविवारी क्रेगला जेवायला बोलावतेय. एकट्याला. तू पण ये."

"मी कशाला?"

"तू असलीस की मी ओरडणार नाही."

त्या आठवड्यात तिने मांडणी पुन्हा त्याच जागी लावून घेतली. रुबेन नवीन व्हॉल्व्ह बसवून गेला होता, त्याच्याचकडून सरकवून घेतली. मग सगळ्या बरण्या पुसून परत चढवल्या. मी म्हटलं, "अगं, आता सगळ्यांसमोर बोल ना. कमिटीच्या बैठकीत जा. सगळ्यांनी ऐकलंय, तर सगळ्यांनीच ऐकू दे." ती म्हणाली, "मुलगा आहे तो माझा. चारचौघांत त्याला उघडं पाडून मी काय मिळवू? तो उद्या परत त्यांच्यातच बसणार आहे."

मी असते तर पाडला असता. पण तो माझा मुलगा नव्हता.

रविवारी तिने कोबी आणि खिमा भरलेले पाव भाजले होते, त्याला लहानपणापासून आवडतात ते. तो पोटभर जेवला. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "क्रेग, जरा खाली चल. मांडणीमागचा नवा व्हॉल्व्ह बंद करायचाय. दोघं जाऊ."

मी वर भांडी घासत होते. जिन्याचं दार उघडंच होतं.

"यासाठी आधी मांडणी…" तो खाली म्हणाला, आणि थांबला.

"सरकव ना. मला आठवत नाही, पण मी एकटीने सरकवली होती म्हणतोस. तुला तर सहज सरकेल."

लाकडाचा किरकिराट ऐकू आला. मग धाप लागल्याचा आवाज. मग पुन्हा किरकिराट. मांडणी जागची हलली नव्हती.

"आई, आधी बरण्या उतरवाव्या लागतील."

"हो ना. उतरव."

तो बरण्या उतरवायला लागला. काचेवर काच घासल्याचे आवाज येत होते. ती पायरीवर बसली असावी, कारण तिचा आवाज जवळून आला.

"ज्या दिवशी तू कॉम्प्रेसर आणलास, त्या दिवशी तू या बरण्या उतरवल्या होत्यास?"

बरण्यांचा आवाज थांबला.

"क्रेग, मी तुला एकदाच विचारतेय."

"नाही."

"तू खाली आला होतास?"

"नाही आलो. मला वाटलं बाहेरचा बंद केला की पुरे. मांडणी हलवायची म्हणजे अर्धा तास जाणार होता."

"आणि हे तुला कधी कळलं?"

"तू फोन केलास तेव्हाच."

माझ्या हातातली बशी मी तशीच पाण्यात सोडली. तेव्हाच. म्हणजे जॅनेल डेन्व्हरहून येत होती तेव्हा त्याला ठाऊक होतं. त्या टेबलाशी तो गोड आवाजात बोलत होता तेव्हा ठाऊक होतं. आई घड्याळाचे काटे काढत होती तेव्हाही.

खालून तो बोलत होता, आता आवाज बसला होता. "बाबांनी इतकी वर्षं एकदाही फुटू दिला नाही. आणि मी पहिल्याच वर्षी… तू फोनवर म्हणालीस अ‍ॅकॉर्डियन गेली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. एकदा निघाल्यावर मागे कसं घ्यायचं ते कळेना. आणि मग मलाच वाटायला लागलं, की कदाचित खरंच तू…"

"तुलाच वाटायला लागलं?"

"हो."

त्याची लाज मला समजते. बापाच्या जागी पहिल्यांदा उभं राहायचं आणि पहिल्याच फटक्यात हातून बापाची अ‍ॅकॉर्डियन बुडवायची, हे सोपं नाही. पण म्हणून आईला वेडी ठरवायची? स्वतःची चूक झाकायला पांघरूण म्हणून तिचं डोकं वापरायचं? मी खाली जाऊन हे त्याला ऐकवणारच होते. तिने मला कशाला बोलावलं होतं ते आठवलं आणि मी तशीच उभी राहिले.

तो रडत होता. "आई, मला माफ कर."

"माफीचं बघू. ती माझी माझ्यापाशी आहे," लिओटा म्हणाली. "आधी वर चल आणि जॅनेलला फोन कर. माझ्यासमोर. मग बर्निसकडे जा. आणि ज्या ज्या माणसाला तू माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगितलंस, त्या प्रत्येकाला सांग की पाइप का फुटला."

"प्रत्येकाला?"

"बोलताना प्रत्येकाला बोललास ना?"

त्याने जॅनेलला फोन केला. उभ्याने, भिंतीकडे तोंड करून. चार-पाच वाक्यांत सांगून टाकलं. मधे त्याने दोनदा "ऐकतेयस ना?" विचारलं. मग जॅनेलने आईला फोन द्यायला सांगितलं, आणि लिओटा म्हणाली, "आत्ता नको. मी दमलेय. उद्या कर." जाताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आर्लिस, तुम्हालाही सॉरी." मी म्हटलं, "कोट नीट घाल, बाहेर गारठा आहे." याहून गोड शब्द मला तेव्हा सापडला नाही.

बर्निसकडे तो गेला, हे खरं. कमिटीतही बोलला, असं मला दोघांकडून कळलं. लिओटाची फेरी तिला परत मिळाली, पण अर्धीच. उरलेली अर्धी ज्या बाईला दिली होती, तिला आता काढून घेतलेलं वाईट वाटेल, असं बर्निस म्हणाली. लिओटाचं वाईट वाटणं मोजायला मात्र तिच्याकडे माप नव्हतं. त्या डोळ्यांत औषध घालून घेणाऱ्या म्हाताऱ्याचं घर दुसऱ्या अर्ध्यात गेलं. लिओटा त्याच्याकडे अजूनही जाते, आपल्या गाडीने, आपल्या वेळेला, बर्निसला न विचारता.

जॅनेल आता दर रविवारी फोन करते. सुरुवातीला ती बोलता बोलता मधेच विचारायची, काल काय जेवलीस, परवा कुठे गेली होतीस. एकदा लिओटा तिला म्हणाली, "आज वार कोणता हे विचारलंस तर फोन ठेवून देईन." तेव्हापासून ते थांबलं.

पुढच्या ऑक्टोबरात क्रेग आला आणि फाटकाशी घुटमळत म्हणाला, "आई, पाणी काढायचंय ना? मी करू?" ती म्हणाली, "आपण करू." खालचं तिने केलं, बाहेरचं त्याने. मांडणी दोघांनी मिळून रिकामी केली आणि या वेळी दुसऱ्या भिंतीला नेऊन लावली. काम चालू असताना दोघं फारसं बोलले नाहीत. ती त्याच्याशी तुटक नाही, पण पूर्वीसारखी भोळेपणाने बोलतही नाही. तो काही सांगतो तेव्हा ती क्षणभर थांबते आणि मग "बरं" म्हणते. तो क्षण पूर्वी नव्हता.

आणि गावाचं म्हणाल, तर परवा आम्ही दोघी बँकेत गेलो होतो. लिओटाने खिडकीशी आपलं नाव सांगितलं. पलीकडची मुलगी गोड हसली, मान जरा वाकडी केली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आज त्यांचा मुलगा नाही का आला सोबत?"

लिओटा म्हणाली, "त्या माझ्यासोबत आल्यात. काय विचारायचंय ते मला विचार."

मुलीने विचारलं. पण मोठ्याने आणि सावकाश.